पेन्शन येण्याआधीची दोन वर्षे: माजी सैनिकाने प्रशिक्षण, राखीव जागा आणि वेतनाचे हक्क कसे मिळवावेत

सैन्यातला शिपाई, नाईक किंवा हवालदार चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे पेन्शनवर घरी येतो, तेव्हा मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे हप्ते फिटलेले नसतात आणि काम करण्याजोगी आणखी वीस वर्षे हातात असतात. अशा माणसासाठी केंद्र आणि राज्य सरकारांनी राखीव जागा, मोफत प्रशिक्षण, वयातली सवलत आणि नोकरी शोधून देणाऱ्या यंत्रणा असे बरेच काही उभे केले आहे. तरीही सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातले कितीतरी माजी सैनिक गावी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत कुणा ओळखीच्या सुपरवायझरच्या शब्दावर एखाद्या सोसायटीच्या फाटकावर बारा तासांच्या ड्युटीला उभे राहिलेले दिसतात. सुरक्षा रक्षकाचे काम कमी प्रतीचे आहे असे मुळीच नाही. अडचण अशी की सरकारी सवलतींसाठी लागणारे बहुतेक कागद, अर्ज आणि परवानग्या पलटणीत असतानाच हाताळायच्या असतात, आणि हे कुणी वेळेवर सांगत नाही. म्हणून ही माहिती ज्या क्रमाने उपयोगी पडते त्या क्रमाने येथे दिली आहे. ती प्रामुख्याने जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (सुभेदार दर्जाचे कनिष्ठ कमिशन अधिकारी) यांच्यासाठी आहे. अधिकाऱ्यांसाठीचे नियम काही ठिकाणी वेगळे आहेत.

रेकॉर्डमधली नावे आणि तारखा

सुरुवात अर्जापासून नव्हे, तर स्वतःच्या सेवेच्या नोंदींपासून करावी. भरतीच्या वेळी लिहिलेले नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव ही तीनही एकमेकांशी जुळणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात एका ठिकाणी वडिलांचे नाव मध्ये असते, दुसऱ्या ठिकाणी नसते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असते. पत्नीचे माहेरचे नाव रेकॉर्डमध्ये राहून गेलेले असते. नोकरीच्या कागदपत्र तपासणीत नेमक्या अशाच फरकांवर बोट ठेवले जाते, आणि तेव्हा पंधरा दिवसांत दुरुस्ती करून आणणे बहुधा शक्य नसते.

लग्न, मुलांचे जन्म आणि नावातले बदल यांची नोंद पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटच्या लेखी आदेशाने होते. ती ऑर्डर निघाली आहे का आणि रेकॉर्ड ऑफिसपर्यंत पोहोचली आहे का, हे युनिटच्या क्लार्ककडे बसून स्वतः पाहावे. सेवेत असताना हे काम युनिटमार्फत होते. पेन्शनवर आल्यानंतर तेच काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, रेकॉर्ड ऑफिस आणि प्रतिज्ञापत्रे अशा लांबच्या वाटेने करावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला असल्यामुळे मराठी जवानांपैकी अनेकांना ते तुलनेने जवळ पडते. पण ज्याचे रेकॉर्ड मध्य प्रदेशात किंवा त्याहून लांब आहे, त्याने ही तपासणी अजिबात लांबणीवर टाकू नये.

घरी येताना डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, हे दोन मूळ कागद हातात असलेच पाहिजेत. तिसरा कागद अनेकांकडून राहून जातो. दहावी उत्तीर्ण असलेल्या किंवा सैन्याचे विशेष शिक्षण प्रमाणपत्र घेतलेल्या ज्या सैनिकाची सेवा 15 वर्षांहून कमी नाही, त्याला पदवीशी समकक्षतेचे प्रमाणपत्र मिळते. केंद्र सरकारच्या गट क मधील राखीव पदांसाठी, जेथे पदवी मागितलेली आहे पण तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता अनिवार्य नाही तेथे, या आधारावर अर्ज करता येतो, आणि महाराष्ट्रातल्या गट क पदांच्या जाहिरातींतही याच आशयाची तरतूद असते. मात्र हे प्रमाणपत्र म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. ते दाखवून बी.एड. ला प्रवेश मिळेल किंवा राखीव नसलेल्या पदावर दावा सांगता येईल अशी समजूत करून घेऊ नये. ज्याला वेळ आणि आवड आहे त्याने मुक्त विद्यापीठातून खरी पदवी पूर्ण करणे केव्हाही चांगले.

राज्यातल्या नोकरीचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट सुट्टीवर आल्यावर उरकावी. माजी सैनिकांचे आरक्षण समांतर असते, म्हणजे निवड झालेला उमेदवार त्याच्या स्वतःच्या सामाजिक प्रवर्गातल्या जागेवर मोजला जातो. त्यामुळे मागास प्रवर्गातून अर्ज करणाऱ्या माजी सैनिकाला जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि जेथे लागू असेल तेथे नॉन क्रीमी लेअरचा दाखला हे सगळे इतर उमेदवारांसारखेच सादर करावे लागते. जात पडताळणी समितीकडे आजोबा-पणजोबांच्या शाळेचे किंवा महसुली नोंदींचे पुरावे द्यावे लागतात, ते शोधायला तहसीलमध्ये खेपा घालाव्या लागतात, आणि ते काम तवांगला किंवा जैसलमेरला बसून होत नाही. अधिवासाचा दाखलाही त्याच वेळी काढून ठेवावा.

प्रशिक्षण: फुकट आहे, पण वेळेचे बंधन आहे

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे. सैनिकांच्या बोलण्यात ते डीजीआर म्हणून ओळखले जाते. त्याचे मुख्य कार्यालय दिल्लीला रामकृष्णपुरम येथे असून दक्षिण विभागाचे पुनर्वसन कार्यालय पुण्यात आहे. सेवेच्या शेवटच्या दोन वर्षांत असलेल्या सैनिकांसाठी डीजीआर दरवर्षी प्रशिक्षण कार्यक्रमांची यादी प्रसिद्ध करते. जेसीओ आणि जवानांच्या अभ्यासक्रमांचे संपूर्ण शुल्क सरकार भरते. अधिकाऱ्यांना 40 टक्के शुल्क स्वतः भरावे लागते. अर्ज युनिटमार्फत जातो, त्यामुळे यादी आल्याबरोबर ती वाचून कंपनी कमांडरच्या कानावर घालावी. युनिट फील्डमध्ये आहे, मनुष्यबळ कमी आहे, अशी कारणे ऐन वेळी पुढे येतात आणि जागा हुकते.

कोणता अभ्यासक्रम घ्यावा, याबाबत स्पष्ट मत देणे आवश्यक वाटते. सुरक्षा पर्यवेक्षकाचा अभ्यासक्रम सहज मिळतो म्हणून तो घेणाऱ्यांची संख्या मोठी असते. पण ज्या हवालदाराने वीस वर्षे गार्ड लावले आणि तपासले, त्याला त्या प्रमाणपत्राने फारसे नवे काही मिळत नाही. त्याऐवजी औद्योगिक सुरक्षितता आणि अग्निशमन, भांडार आणि पुरवठा व्यवस्थापन, ड्रोन चालवणे, इमारतींची देखभाल, वैद्यकीय किंवा संगणकविषयक अभ्यासक्रम यांपैकी जो आपल्या ट्रेडच्या जवळ जातो तो निवडावा. ईएमई, म्हणजे सैन्याची वाहने-यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागातल्या मेकॅनिकने वाहन उद्योगाकडे पाहावे, सिग्नलमधल्या माणसाने नेटवर्किंगकडे, आणि सप्लाय किंवा ऑर्डनन्समधल्या स्टोअरकीपरने चाकण-रांजणगावच्या गोदामांकडे. वाहनचालकाने जड वाहन चालवण्याचे नागरी लायसन्स घरी येण्याआधीच हातात घ्यावे. राज्य शासनातल्या लिपिकवर्गीय पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा त्याला समकक्ष संगणक प्रमाणपत्र लागते, तेही सुट्टीत होण्यासारखे आहे.

ज्याच्या हातात कसब आहे पण कागद नाही, त्याच्यासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाला मान्यता देणारा स्वतंत्र भाग आहे. त्यात लांबलचक वर्ग नसतात, चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. नुसत्या त्या कागदावर नोकरी मिळत नाही. पण सैन्यातला ट्रेड न समजणाऱ्या कारखान्याच्या मनुष्यबळ विभागाला तो समजतो, एवढा त्याचा उपयोग आहे.

तीच गोष्ट बायोडेटाची. "कंपनी हवालदार मेजर, 3 वर्षे" एवढे लिहिले तर खासगी कंपनीतला अधिकारी पान उलटतो. त्याच पदाचे काम असे लिहावे: "सुमारे 120 जणांच्या तुकडीची दैनंदिन हजेरी, शिस्त, ड्युटीचे वाटप आणि रजेचे नियोजन पाहिले, शस्त्रे व साहित्याच्या मोजणीत जबाबदार अधिकाऱ्याला साहाय्य केले, वार्षिक तपासणीची पूर्वतयारी केली." यात फुगवलेले काहीच नाही, फक्त पलटणीतले रोजचे काम बाहेरच्या माणसाला कळेल अशा शब्दांत मांडले आहे. गोपनीय स्वरूपाच्या नेमणुका, युनिटची ठिकाणे आणि कारवायांचे तपशील मात्र बायोडेटात कधीही लिहू नयेत.

गावी आल्यावर नोंदणी कोठे करावी

पहिली नोंदणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात असून जिल्ह्यांत त्याची कार्यालये आहेत. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, दहावीचे प्रमाणपत्र, बँक पासबुक आणि पती-पत्नीचे छायाचित्र घेऊन जावे. माजी सैनिकाचे ओळखपत्र येथूनच मिळते. त्याच वेळी नोकरीसाठीही नाव नोंदवायचे आहे, हे स्वतःहून सांगावे, कारण ओळखपत्राची नोंदणी आणि नोकरीसाठीची नोंदणी या दोन गोष्टी आहेत आणि पहिली झाली की दुसरी आपोआप झाली असे समजून अनेक जण परत जातात.

याखेरीज भूदलातून आलेल्यांसाठी आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशन, नौदल आणि हवाई दलासाठी त्यांच्या स्वतंत्र प्लेसमेंट संस्था, राज्यात महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ म्हणजे मेस्को, आणि सर्वांसाठी केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस व राज्याचे महास्वयम ही संकेतस्थळे आहेत. सगळीकडे नाव घालण्यास हरकत नाही. भरतीचे आमिष दाखवून रोख रक्कम मागणाऱ्या मध्यस्थाला मात्र दारातूनच परत पाठवावे, तो आपल्याच रेजिमेंटचा असला तरी.

राखीव जागांचे गणित

महाराष्ट्र शासनाच्या गट क आणि गट ड पदांमध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. सैनिकी सेवेमुळे मृत्यू आलेल्या किंवा अपंगत्व येऊन नोकरीसाठी अयोग्य ठरलेल्या सैनिकाच्या कुटुंबातील एका व्यक्तीला या राखीव पदांपैकी उपलब्ध पदांवर पसंती दिली जाते. वीरपत्नींनी जाहिरातीतला हा परिच्छेद आवर्जून वाचावा. केंद्र सरकारमध्ये गट क साठी 10 टक्के आणि पूर्वीच्या गट ड साठी 20 टक्के आरक्षण आहे. सार्वजनिक क्षेत्रातले उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांमध्ये हे प्रमाण गट क साठी 14.5 आणि गट ड साठी 24.5 टक्के असून त्यातले 4.5 टक्के दिव्यांग माजी सैनिक आणि कारवाईत मृत्यू पावलेल्यांच्या अवलंबितांसाठी आहे. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत असिस्टंट कमांडंटच्या पातळीपर्यंत 10 टक्के जागा आहेत. बँकेतल्या जागा दरवर्षी निघतात, परीक्षेचा अभ्यासक्रम ठरलेला असतो आणि नोकरी बहुधा आपल्या राज्यात मिळते. अभ्यासाची सवय असलेल्या जवानासाठी हा मार्ग बाकी सगळ्यांहून चांगला आहे, असे माझे मत आहे.

वयाच्या सवलतीचा हिशेब पुष्कळांना चुकीचा सांगितला जातो. केंद्राच्या नियमानुसार आजच्या वयातून सैन्यातली सेवा वजा करायची आणि उरलेले वय पदाच्या कमाल वयोमर्यादेपेक्षा तीन वर्षांहून अधिक नसले म्हणजे उमेदवार पात्र. समजा, कमाल वय 27 आहे, उमेदवाराचे वय 46 आहे आणि त्याची सेवा 17 वर्षे झाली आहे. 46 मधून 17 गेले, उरले 29. मर्यादा 27 अधिक 3 म्हणजे 30. तो अर्ज करू शकतो. राज्यातही सेवेचा कालावधी अधिक तीन वर्षे एवढीच शिथिलता असते. दिव्यांग माजी सैनिकांसाठी राज्यात 45 वर्षांपर्यंतची वेगळी तरतूद आहे. वय उलटून गेले असे कुणी सांगितले म्हणून अर्ज सोडून देण्याआधी हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

ज्याची ठरलेली सेवा एका वर्षाच्या आत पूर्ण होणार आहे, त्याला केंद्राच्या पदांसाठी सेवेत असतानाच माजी सैनिक म्हणून अर्ज करता येतो. नेमणूक मात्र सेवा पूर्ण झाल्यावरच स्वीकारता येते. यासाठी युनिटचे ना हरकत प्रमाणपत्र आणि जाहिरातीसोबत दिलेल्या नमुन्यातले हमीपत्र लागते. नमुना शब्दशः तोच हवा. युनिटच्या जुन्या मसुद्यावर सही-शिक्का घेतलेला कागद तपासणीत नाकारला जातो.

आता या विषयातली सर्वांत महागात पडणारी गोष्ट. केंद्राच्या नियमानुसार माजी सैनिक सरकारी नागरी पदावर नियमित नोकरीला लागला की पुढच्या केंद्रीय भरतीसाठी आरक्षणापुरता त्याचा माजी सैनिक हा दर्जा संपतो. वयाची सवलत राहते, राखीव जागा मिळत नाही. म्हणजे शिपाईपदाची पहिली ऑर्डर हाती आली म्हणून रुजू झालेला माणूस वर्षभराने क्लार्कच्या राखीव जागेसाठी अर्ज करू शकत नाही. याला एक वाट ठेवलेली आहे. 14 ऑगस्ट 2014 च्या कार्यालयीन आदेशानुसार, पहिल्या नोकरीवर रुजू होण्याआधी ज्या ज्या पदांसाठी अर्ज केलेले आहेत त्यांची तारीखवार यादी स्वयंघोषणेच्या रूपाने रुजू होतानाच कार्यालयाला दिली, तर त्या अर्जांपैकी कशात निवड झाल्यास आरक्षणाचा लाभ कायम राहतो. म्हणून प्रत्येक अर्जाची छापील प्रत, अर्ज क्रमांक आणि तारीख एका फाइलमध्ये ठेवावी, रुजू होण्याच्या दिवशी यादी दोन प्रतींत करावी आणि एका प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का घ्यावा. आस्थापना लिपिकाला हा आदेश माहीत नसण्याचा संभव बराच असतो; आदेशाची प्रत सोबत न्यावी आणि सौजन्याने पण ठामपणे शिक्का मागावा. खासगी कंपनीतल्या किंवा कोणत्याही कंत्राटी, तात्पुरत्या, केव्हाही काढून टाकता येईल अशा नोकरीने हा दर्जा जात नाही. तेव्हा पोटापाण्यासाठी सुरक्षा रक्षकाची नोकरी धरून सरकारी परीक्षांची तयारी चालू ठेवण्यास नियमाची कोणतीही आडकाठी नाही.

सरकारी, बँकेतल्या किंवा सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरीवर रुजू झाल्यावर पेन्शन देणाऱ्या यंत्रणेला ते कळवावे. अधिकारी दर्जाखालच्या सैनिकाचे पूर्ण पेन्शन दुर्लक्षित धरून नव्या पदाच्या किमान टप्प्यावर वेतन निश्चित झाले असेल तर पेन्शनवरचा महागाई दिलासा चालू राहतो. न कळवता तो घेत राहिल्यास पुढे वसुली लागू शकते.

अग्निवीरांबद्दल दोन वाक्ये. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला अग्निपथ योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जा, पेन्शन आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) मिळत नाही, त्यामुळे वर सांगितलेल्या राखीव जागा त्याला जशाच्या तशा लागू होत नाहीत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दले आणि आसाम रायफल्स यांत त्यांच्यासाठी स्वतंत्र आरक्षण जाहीर झालेले आहे आणि त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

ज्याला स्वतःचा धंदा करायचा आहे त्याच्यासाठी प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक हा विशेष प्रवर्गात धरला जातो. स्वतःचा वाटा 5 टक्के, आणि अनुदान शहरी भागात 25 तर ग्रामीण भागात 35 टक्के असते. अर्ज ऑनलाइन करताना जिल्हा उद्योग केंद्र किंवा खादी ग्रामोद्योग यांपैकी यंत्रणा निवडावी लागते. अर्ज मंजूर होणे बँकेवर अवलंबून असते, म्हणून निवृत्तीची सगळी रक्कम आधीच यंत्रसामग्रीत घालू नये.

सुरक्षा रक्षकाची नोकरी घेताना

निवृत्त जवानांपैकी पुष्कळांची पहिली नागरी नोकरी हीच असते, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. खासगी सुरक्षा एजन्सीला 2005 च्या कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो, आणि त्याच कायद्यात सैन्य व पोलीस दलातून आलेल्यांना नेमणुकीत प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत इतरांना 160 तासांचे प्रशिक्षण सांगितले आहे, तर माजी सैनिकाला 40 तास वर्गातले आणि 16 तास प्रत्यक्ष असे संक्षिप्त प्रशिक्षण पुरते. डीजीआरने पुरस्कृत केलेल्या एजन्सींना बहुसंख्य रक्षक माजी सैनिकच ठेवावे लागतात आणि त्यांचे वेतनदरही ठरवून दिलेले असतात, म्हणून पर्याय असल्यास केंद्रीय उपक्रमातली अशा एजन्सीमार्फतची किंवा मेस्कोमार्फतची ड्युटी आधी पाहावी. मुंबई-ठाणे आणि इतर काही भागांत 1981 च्या राज्य कायद्याखाली सुरक्षा रक्षक मंडळे आहेत. मंडळाकडे नोंद झालेल्या रक्षकाचे वेतन मंडळामार्फत येते, एजन्सीच्या मर्जीवर राहत नाही.

रुजू होण्यापूर्वी नेमणूकपत्र मागावे. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या असून नेमणूकपत्र देणे ही आता मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. त्यात पद, मूळ वेतन आणि भत्ते, कामाचे तास, सुट्टी आणि भविष्य निर्वाह निधीचा उल्लेख पाहावा. मूळ वेतन व महागाई भत्ता एकूण वेतनाच्या निम्म्याहून कमी दाखवून बाकी रक्कम भत्त्यांत टाकली असेल तर संहितेनुसार निम्म्यावरचे भत्ते वेतनातच धरायचे आहेत, आणि त्याचा परिणाम फंड व ग्रॅच्युइटीवर होतो.

बारा तासांच्या ड्युटीचा हिशेब प्रत्येकाने एकदा करावा. आठवड्याची मर्यादा 48 तासांची आहे. बारा तासांच्या सहा ड्युट्या म्हणजे 72 तास, अर्थात 24 तास जादा. जादा कामाचा दर दुप्पट, म्हणून त्या 24 तासांचे वेतन 48 तासांइतके होते. याचा अर्थ असा की बारा तास काम करणाऱ्याला आठवड्याला किमान वेतनाच्या बरोबर दुप्पट रक्कम मिळायला हवी. बहुतेक ठिकाणी ती मिळत नाही, आणि "ड्युटीच बारा तासांची असते" हे उत्तर कायद्यात बसत नाही. किमान वेतनातला विशेष भत्ता राज्यात जानेवारी आणि जुलैमध्ये, तर केंद्राच्या कक्षेतल्या आस्थापनांमध्ये एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो. त्या महिन्यांनंतरच्या पगारपत्रकात वाढ दिसते का ते पाहावे.

"तुम्हाला पेन्शन आहे, तुम्हाला पीएफ लागू नाही," असे सांगणारे कंत्राटदार भेटतात. हे खरे नाही. लष्करी पेन्शनचा आणि भविष्य निर्वाह निधीचा काहीही संबंध नाही. निधी लागू असलेल्या आस्थापनेत 15,000 रुपयांपर्यंत वेतनावर लागणाऱ्याला सदस्य करून घेणे बंधनकारक आहे. पहिल्यांदाच लागताना वेतन त्याहून जास्त असेल तरच मालकाला सूट मिळते. वेतन 15,000 धरले तर कामगाराकडून 12 टक्क्यांनी 1,800 रुपये कापले जावेत आणि मालकाने आपल्याकडचे तेवढेच भरावेत. पगारपत्रकात 3,600 रुपयांच्या आसपास कपात दिसली तर मालकाचा वाटाही आपल्याच खिशातून जात आहे असे समजावे. यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा सदस्य क्रमांक सुरू करून मोबाइलवर दर महिन्याची जमा स्वतः तपासावी, कारण कपात झाली पण भरणा झाला नाही हा प्रकार विरळा नाही. दहा वर्षांची सदस्यता पूर्ण झाल्यास 58 व्या वर्षापासून या योजनेचे वेगळे निवृत्तिवेतनही मिळते, लष्करी पेन्शन असताना.

कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर लागू असते. 20,000 रुपये वेतनावर कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 150 रुपये कापले जातात आणि मालक 3.25 टक्के भरतो. ईसीएचएस आहे म्हणून ही कपात टाळता येत नाही, पण कामावरच्या अपघातात मिळणारा अपंगत्व आणि अवलंबितांचा लाभ ईसीएचएस देत नाही, हे लक्षात घेऊन ती कपात खुशाल होऊ द्यावी. ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षे सेवा लागते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीत नव्या संहितेनुसार एक वर्षही पुरते. शेवटचे वेतन 18,200 आणि सेवा सहा वर्षे असेल तर 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 6, म्हणजे 63,000 रुपये होतात. कंत्राटदार बदलला तरी माणूस त्याच फाटकावर उभा असतो आणि सेवा मात्र दर वेळी नव्याने मोजली जाते. म्हणून प्रत्येक बदलाच्या वेळी जुन्या कंत्राटदाराकडून सेवेचा दाखला आणि हिशेब लेखी घ्यावा.

वेतन थकल्यास

मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे. कंत्राटदाराने ते दिले नाही तर देण्याची जबाबदारी मुख्य नियोक्त्यावर, म्हणजे ज्या बँकेत, कारखान्यात किंवा रुग्णालयात आपण उभे राहतो त्या आस्थापनेवर येते. बहुतेक रक्षक एजन्सीच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवतात. त्याऐवजी पहिले पत्र एजन्सीला आणि त्याची प्रत मुख्य नियोक्त्याच्या प्रशासन विभागाला, दोन्ही स्पीड पोस्टाने पाठवावे. आपल्या कंत्राटदाराची थकबाकी आपल्यावर येणार हे दिसल्यावर पुष्कळदा मोठी आस्थापना पुढचे बिल अडवते आणि विषय तेथेच संपतो.

तक्रार कोठे करायची हे ड्युटीच्या ठिकाणावर ठरते. राष्ट्रीयीकृत बँक, रेल्वे, विमानतळ, बंदर, खाण किंवा केंद्रीय उपक्रम असेल तर केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे, आणि यासाठी समाधान हे संकेतस्थळ आहे. सोसायटी, मॉल, खासगी कारखाना किंवा खासगी रुग्णालय असेल तर जिल्ह्यातल्या सहायक कामगार आयुक्तांकडे. फंडाची तक्रार भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार संकेतस्थळावर स्वतंत्रपणे करावी, ती वेतनाच्या अर्जात मिसळू नये. वेतन संहितेखाली दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि थकीत रकमेखेरीज तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. अर्जासोबत नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँक खात्याचा उतारा, ओळखपत्राची प्रत आणि ड्युटीच्या तारखांची स्वतः ठेवलेली वही जोडावी. फाटकावरच्या हजेरी रजिस्टरचे पान मिळाले नाही तरी चालते, कारण हजेरी आणि वेतनाची रजिस्टरे ठेवणे आणि मागितल्यावर हजर करणे हे मालकाचे काम आहे. अर्जाच्या शेवटी ती रजिस्टरे मागवून घेण्याची विनंती वेगळ्या परिच्छेदात लिहावी, अर्जाच्या आपल्याकडच्या प्रतीवर आवक क्रमांक घालून घ्यावा आणि पहिल्या सुनावणीची तारीख त्याच खिडकीवर विचारून यावे.